शब्द आधी ग्रामसभेत वाचावा

आर्णीच्या बाजारात कृषी सेवा केंद्रावर आलेला शेतकरी कपाशीवर मारायला ‘औषध’ मागतो. बाटलीवर छापलेलं असतं ‘आंतरप्रवाही कीटकनाशक’. दोन्ही शब्द मराठीच. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती. अंगावर संरक्षक साधनं नसणं हे त्यातलं ठळक. पण भाषेच्या अभ्यासकाने आपला वाटाही तपासायला हवा. ‘कीटकनाशक’ हा शब्द किडीचं काय होईल ते सांगतो, माणसाचं सांगत नाही. ‘औषध’ तर उरलेली भीतीही काढून घेतो. पर्यावरण आणि समाजविषयक परिभाषेचा आढावा इथूनच सुरू करावा, कारण इथे शब्द जिवाशी बांधलेला आहे.

इंग्रजीतून मराठीत परिभाषा आणण्याचं काम थोडं झालेलं नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश, कृषिशास्त्र आणि जीवशास्त्राचे परिभाषा कोश निघाले. त्या पिढीने कोऱ्या जमिनीवर नांगर घातला, हे ऋण मान्यच केलं पाहिजे. उत्तम शब्दही मिळाले. ‘पाणलोट क्षेत्र’ ऐकताच उतारावरून लोटणारं पाणी दिसतं. ‘जैवविविधता’ शाळेतल्या मुलांच्या तोंडी रुळला. ‘गुलाबी बोंडअळी’ समजावून सांगावी लागली नाही, कारण बोंड आणि अळी दोन्ही शेतातलीच. या शब्दांत वस्तू आधी पाहिली गेली आणि नाव मागून आलं.

उलट घडलं तिथे अर्थ सांडला. ‘शाश्वत विकास’ घ्या. मूळ कल्पनेत मर्यादा आहे: पुढच्या पिढीला पुरेल इतकं राखूनच आज वापरायचं. मराठी कानाला ‘शाश्वत’ म्हणजे अविनाशी, नश्वराच्या उलट. मर्यादेची अट गळाली आणि शब्द कुठल्याही फलकावर शोभू लागला. लाटव्हियन भाषेत याच कल्पनेसाठी ‘दीर्घ’ आणि ‘क्षमता’ जोडून शब्द घडवला आहे; टिकून राहण्याची ताकद त्यात ऐकू येते. लाटव्हियाची लोकसंख्या २० लाखांच्या आत. २००४ मध्ये तो देश युरोपीय संघात गेल्यापासून संघाचे कायदे लाटव्हियनमध्येही उपलब्ध होतात. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटींहून अधिक आहेत. आपल्याकडे मात्र २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी स्थानिक भाषेत हमखास मिळतो तो प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश. २०२० मध्ये याच अधिसूचनेचा नवा मसुदा आला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत द्यावा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला काढावा लागला.

धरणाच्या परिभाषेत ही दरी अधिक खोल आहे. कागदावर ‘ऊर्ध्व पैनगंगा’, लोकांच्या बोलण्यात ‘इसापूरचं धरण’. ‘निम्न पैनगंगा’ प्रकल्पाला नदीकाठच्या गावांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तो ‘निम्न’ या शब्दामुळे नव्हे, ‘बुडीत क्षेत्र’ या शब्दामुळे. बुडीत म्हणजे काय हे घर असलेल्या प्रत्येकाला कळतं. १९९९ चा पुनर्वसन कायदा ‘प्रकल्पबाधित’ म्हणतो, माणसं स्वतःला ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणवतात. बाधा उतरते, ग्रस्त म्हणजे गिळलेला, पंचांगातल्या ग्रस्तोदित चंद्रासारखा. इंग्रजी शब्दाशी ‘बाधित’ जुळत असेल, पण अनुभवाशी ‘ग्रस्त’ जुळतो.

सर्वांत जड शब्द समाजविषयक परिभाषेत आहे. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण मदतीसाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. अनुवाद म्हणून ‘अपात्र’ बिनचूक आहे. पण मराठीत पात्रता म्हणजे लायकी. नवरा गमावलेल्या बाईला ‘अपात्र’ ऐकवताना तिच्या दुःखाचीच लायकी काढली जाते. ‘निकषांत बसत नाही’ असं साध्या मराठीत लिहिलं तर नियम तोच राहील, घाव टळेल.

आणि भाषांतराच्या या व्यवहारात शब्दांची वाहतूक इंग्रजीकडून मराठीकडे, एकाच दिशेने आहे. कोलामांचा ‘पोड’, बंजारांचा ‘तांडा’, वऱ्हाडातली गुरं चारायची ‘ई-क्लास’ जमीन, या शब्दांत वस्ती, नातं आणि हक्क एकत्र नांदतात. इंग्रजी अहवालात पोड आणि तांडा दोन्ही नुसती वस्ती होतात, आणि चराईची जमीन ‘पडीक’ ठरू शकते. जी जमीन पडीक लिहिली जाते, ती देऊन टाकणं सोपं जातं.

म्हणून परिभाषा घडवणाऱ्यांना विनंती आहे. शब्द कोशात पक्का करण्याआधी तो एखाद्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. ऐकणाऱ्याला त्यात आपलं शेत, आपलं धरण, आपला धोका ओळखता आला तर तो ठेवावा. नाही आला, तर तिथेच विचारावं: तुम्ही याला काय म्हणता? बहुतेक वेळा शब्द तिथे आधीपासून असतो.