‘दुखापत अंगावर काढणे’ : अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या परिभाषेचा विचार

एखादी संज्ञा व्यवहाराचे केवळ वर्णन करीत नाही. पुष्कळदा ती त्या व्यवहाराची पाठराखणही करते. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलविषयी जे लिहिले व बोलले जाते, त्यात या विधानाचा विशेष प्रत्यय येतो. व्यावसायिक संघांची वार्षिक निवड जवळ आली असता जखमी शरीराने खेळावे की स्वस्थ बसावे, हा तेथील गुणी तरुणापुढचा नित्याचा पेच होय. त्याची चर्चा सामान्यतः धैर्य, निष्ठा वा व्यवहारचातुर्य या शब्दांनी होते. ते शब्द कोणाची जबाबदारी झाकतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’, म्हणजे ‘विद्यार्थी-खेळाडू’, ही संज्ञा घ्यावी. ती रूढ होण्याचा काळ व दुखापतीचा प्रश्न यांचा निकट संबंध आहे. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या नेमेथ नामक जखमी फुटबॉलपटूस कामगार-भरपाईचा हक्क मान्य केला. १९५५ मध्ये त्याच राज्यात रे डेनिसन हा महाविद्यालयीन फुटबॉलपटू डोक्यास झालेल्या दुखापतीने मरण पावला; त्याच्या विधवेची मागणी मात्र त्याच न्यायालयाने १९५७ मध्ये अमान्य केली. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची, म्हणजे एन.सी.ए.ए.ची, धुरा त्या काळी वॉल्टर बायर्स यांच्याकडे होती. खेळाडू हे नोकर ठरतील या धास्तीपोटीच ही संज्ञा घडविली व नियमांत घातली, अशी कबुली त्यांनी पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात दिली. शब्दाचा जन्म असा कज्जेदलालीच्या छायेत झालेला आहे.

या सामासिक शब्दाची फोड उद्बोधक आहे. ‘विद्यार्थी असा खेळाडू’ असा कर्मधारय मानल्यास उत्तरपद प्रधान ठरते. ‘विद्यार्थी आणि खेळाडू’ असा द्वंद्व मानल्यास दोन्ही पदे तुल्यबल होतात. प्रत्यक्षात मात्र समासाचा अर्थ स्थळानुसार पालटतो. मैदानावर उत्तरपद प्रधान असते; भरपाईचा प्रश्न निघाला की पूर्वपदास प्राधान्य येते. ‘श्रम करणारा’ हे तिसरे पद तर समासात शिरूच दिलेले नाही. २००५ च्या करारान्वये व्यावसायिक निवडीसाठी अमेरिकन खेळाडूचे वय किमान १९ वर्षे असणे व शालेय शिक्षण संपून एक वर्ष लोटणे आवश्यक झाले. हे वर्ष महाविद्यालयातच काढावे असे बंधन नसले, तरी बहुतेक गुणी खेळाडू तेथेच येतात, आणि त्या एका मोसमात आपले शरीर पणास लावतात.

दुसरी संज्ञा ‘प्लेइंग थ्रू इन्ज्युरी’ ही होय. येथे दुखापत म्हणजे जणू एक बोगदा. खेळाडू त्यातून शिरून पलीकडे निघतो. पलीकडचे टोक आहेच, हे या शब्दयोजनेने गृहीत धरलेले असते. मराठीत याच वर्तनास ‘दुखणे अंगावर काढणे’ म्हणतात. या प्रयोगात पलीकडचा तीर नाही. दुखणे अंगावरच राहते, आणि घरातील वडील माणूस हे शब्द उच्चारतो तेव्हा त्यात कौतुकापेक्षा काळजी व किंचित दटावणी असते. एकाच कृतीकडे पाहण्याच्या या दोन रीती आहेत. पहिलीने फलाकडे लक्ष जाते, दुसरीने देहाकडे.

उदाहरणांनी हा भेद स्पष्ट होईल. ड्यूक विद्यापीठाच्या झायन विल्यमसनचा बूट २० फेब्रुवारी २०१९ रोजी सामन्याच्या पहिल्याच मिनिटात फाटला व गुडघा मुरगळला. आता त्याने उरलेला मोसम खेळू नये, असा सल्ला अनेकांनी दिला. तो मार्चमध्ये परतला, पहिल्याच सामन्यात त्याने १३ पैकी १३ फेका साधल्या, आणि जूनमध्ये सर्वांत प्रथम निवडला गेला. मिझुरीच्या मायकेल पोर्टर (धाकटा) याचे दैव निराळे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली असता तो मार्च २०१८ मध्ये दोन सामन्यांसाठी परतला; दोन्ही सामने संघाने गमावले. त्याची निवड चौदाव्या क्रमांकावर झाली, जुलैत पाठीवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि पुढचा संपूर्ण मोसम वाया गेला. याउलट कॅन्ससचा जोएल एम्बीड पाठीच्या अस्थिभंगामुळे मार्च २०१४ मधील स्पर्धा खेळलाच नाही, तरी तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. पायाच्या दुखापतीने त्याचीही पहिली दोन वर्षे गेली. तथापि २०२२-२३ च्या मोसमात तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. या तिघांवरून परतण्याचा वा न परतण्याचा कोणताही नियम निघत नाही. मग एकाच्या परतण्यास शौर्य व दुसऱ्याच्या परतण्यास घाई म्हणणे, हा निकालानंतर केलेला अर्थारोप ठरतो.

अशा वृत्तांतांतील क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. ‘त्यास खेळण्याची परवानगी देण्यात आली’ या वाक्यात कर्ता नाही. परवानगी कोणी दिली? वैद्याने, प्रशिक्षकाने, की विद्यापीठाने? पुढच्याच वाक्यात मात्र ‘त्याने खेळण्याचे ठरविले’ असा ठसठशीत कर्तरी प्रयोग येतो. संस्थेची कृती कर्मणीत व खेळाडूची कर्तरीत, अशी ही वाटणी आहे. परिणाम वाईट झाला की वाक्यात सापडणारा कर्ता एकटा एकोणीस वर्षांचा मुलगाच असतो.

खेळाडू स्वेच्छेने खेळतात, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतः खरा आहे. सहकाऱ्यांविषयीची ओढ व खेळाचा आनंद यांस खोटे ठरविण्याचे कारण नाही. शिवाय २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे मिळविता येतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट मोबदलाही देऊ शकतात. परंतु मोबदला मिळणे व नोकर म्हणून मान्यता मिळणे या भिन्न गोष्टी होत. डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार-संघटना स्वीकारली. त्याच वर्षाच्या अखेरीस तो अर्ज मागे घेतला गेला. डेनिसनच्या विधवेने उभा केलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

संज्ञा बदलल्याने गुडघा बरा होत नाही, हे उघड आहे. परंतु दुखापत कोणाच्या हितासाठी अंगावर काढली गेली, हा प्रश्न विचारण्यासाठी वाक्यात कर्त्याची जागा मोकळी असावी लागते. प्रचलित परिभाषा ती जागा एकट्या खेळाडूच्या नावाने भरून टाकते. तिचा मुख्य दोष हाच.