टेलिफोटो भिंग : दोन वाक्ये, एक तपासणी

‘टेलिफोटो भिंग दूरची वस्तू जवळ आणते’ आणि ‘ते अंतर दाबून टाकते’ ही दोन वाक्ये छायाचित्रणाच्या पुस्तकांत आढळतात, वर्गातही ऐकू येतात. ती तपासायला फिल्म कॅमेऱ्याच्या काळातले, हाताने फोकस करायचे जुने भिंग उपयोगी पडते.

निकॉनचे २०० मिमी, एफ/४ हे भिंग घेऊ. माउंटपासून त्याची लांबी सुमारे १२.५ सेंमी, माउंट ते फिल्म ४६.५ मिमी. बेरीज १७ सेंमीच्या आसपास. मग २० सेंमी नाभीय अंतर मावले कसे?

खरी ‘टेलिफोटो’ रचना इथेच आहे. नुसते लांब नाभीय अंतराचे भिंग म्हणजे टेलिफोटो नव्हे. पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र गट ठेवून नाभीय अंतरापेक्षा आखूड नळी बनवणे, हे तिचे लक्षण. इंग्लंडमध्ये टी. आर. डॅलमायर यांनी १८९१ मध्ये अशी रचना मांडली. १० सेंमीचे बहिर्वक्र आणि ५ सेंमीचे अंतर्वक्र भिंग ७.५ सेंमी अंतरावर ठेवा. दूरच्या झाडाची प्रतिमा मागच्या भिंगापासून ५ सेंमीवर मिळेल. एकूण लांबी १२.५ सेंमी, पण परिणामी नाभीय अंतर २० सेंमी! नुसत्या बहिर्वक्र भिंगाच्या प्रतिमेपेक्षा ही प्रतिमा दुप्पट मोठी असते. (सूर्याकडे मात्र भिंग रोखू नये.) भिंगांतील अंतर मिलिमीटरभर चुकले, तरी प्रतिमा तीन-चार मिलिमीटर सरकते. जुन्या कारागिरीचे मोल इथे कळते.

म्हणजे पहिले वाक्य सैल आहे : वस्तू जवळ येत नाही, प्रतिमा मोठी होते. दुसरे वाक्य तर चूकच आहे. सारख्या उंचीचे दोन खांब १० आणि २० मीटरवर असतील, तर चित्रात त्यांच्या उंचीचे प्रमाण २ : १ येते. आपण ३० मीटर मागे गेलो, की अंतरे ४० आणि ५० मीटर होतात, प्रमाण १.२५ : १. पहिला खांब पूर्वीइतकाच मोठा दिसावा म्हणून ५० मिमीऐवजी २०० मिमीचे भिंग लावतो आणि श्रेय भिंगाला देतो. खांब जवळजवळ आणले ते आपल्या पायांनी! एकाच जागेवरून दोन्ही भिंगांनी चित्रे घ्या आणि ५० मिमीच्या चित्राचा मधला भाग चौपट मोठा करा. खांबांचे प्रमाण तेच राहील.

साधन म्हणून हे भिंग निर्दोष नाही. उडता पक्षी हाताने फोकस करून टिपणे अवघड. थोडा हात हलला तरी चित्र पुसट होते. दमट हवेत आत बुरशी धरते. अवरक्त प्रकाशासाठी नळीवर वेगळी लाल खूण करावी लागते. पण ती खूणच सांगते, की सर्व रंग एकाच जागी फोकस होत नाहीत.

आजची स्वयंचलित भिंगे चित्रे अधिक सहज देतात, पण काम आतल्या आत उरकतात. जुन्या भिंगात छिद्र, अंतर, खुणा सगळे हाताला लागते. शाळेत किंवा कुणाच्या घरी असे भिंग पडून असेल, तर ते भंगारात घालू नये. ते वर्गात न्यावे, आणि ती दोन वाक्ये विद्यार्थ्यांनाच खोडू द्यावीत.