नाविक विमानांचे उद्यान आणि नसलेली नौका

मुंबई-गोवा महामार्गावरील तळेरे हे कणकवली तालुक्यातील गाव फाट्याचे गाव म्हणून ओळखले जाते. येथून पश्चिमेस विजयदुर्गाकडे, पूर्वेस वैभववाडीवरून गगनबावड्याच्या घाटाकडे, आणि दक्षिणेस कणकवली, कुडाळ, सावंतवाडी करीत गोव्याकडे रस्ता जातो. विमानविद्येच्या इतिहासास वाहिलेले उद्यान पाहावयाचे झाल्यास तळेऱ्याच्या प्रवाशाने दक्षिणेची वाट धरावी आणि मुरगाव तालुक्यातील बोगमाळो येथे भारतीय नौदलाने उभारलेले विमान-संग्रहालय गाठावे. परंतु ह्या उद्यानाचा अर्थ केवळ तेथे उभ्या असलेल्या विमानांवरून लागत नाही. ही विमाने ज्या नौकांसाठी घडविली गेली त्या नौका आज कोठेही नाहीत. आणि त्यांपैकी एक तर खुद्द सिंधुदुर्गाच्या समुद्रात स्मारक म्हणून यावयाची होती. उद्यानाचे मूल्यमापन करताना ही उणीव बाजूस ठेवता येत नाही.

संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. ते दाबोळीच्या विमानतळालगत आहे, आणि ही जागा योग्यच म्हटली पाहिजे. कारण नौदलाचा ‘हंसा’ हा विमानतळ, १९६१ मध्ये कोईमतूरजवळील सुलूर येथे स्थापन होऊन, १९६४ पासून दाबोळीस आहे. मांडणी दुहेरी आहे. इमारतीत इंजिने, शस्त्रे, वैमानिकांची जीवरक्षक साधने व छायाचित्रे आहेत. विमाने मात्र बाहेर, उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात उभी आहेत. इमारतीतील दालने कोणत्याही सैनिकी संग्रहालयात असावीत तशीच आहेत, त्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ह्या जागेचे वैशिष्ट्य अंगणात आहे.

अंगणातील जुन्या विमानांत ‘सीलँड’ आणि ‘फायरफ्लाय’ ही दोन पाहणाऱ्यास थांबवितात. ‘सीलँड’ हे नौदलाचे पहिले विमान. १९५३ मध्ये ते कोचीनला आले, आणि त्याच वर्षी ११ मे रोजी तेथे ‘गरुड’ ह्या पहिल्या नाविक विमानतळाची स्थापना झाली. विमानाचे पोट होडीच्या तळासारखे आहे, आणि त्याला चाकेही आहेत. पाणी आणि धावपट्टी ह्या दोहोंपैकी कोणते आपले, हे नौदलाच्या वैमानिकी शाखेने अद्याप पुरते ठरविले नव्हते त्या काळाची ती खूण मानावयास हरकत नाही. ‘फायरफ्लाय’ची गोष्ट अधिक विनयशील आहे. दुसऱ्या महायुद्धातील हे लढाऊ विमान भारतीय नौदलात आले ते नौकांवरील तोफांना नेमबाजीच्या सरावासाठी मागे लक्ष्य ओढीत नेण्याकरिता. स्वतः न झुंजता इतरांच्या सरावासाठी गोळ्यांच्या जवळून उडत राहणे, ही सेवा गौरवगाथेत सहसा बसत नाही. उद्यानात तिला जागा मिळाली आहे, हा संग्राहकांच्या विवेकाचा पुरावा होय.

त्यानंतर येतात विमानवाहू नौकेवरची विमाने, आणि येथे अंगण खऱ्या अर्थाने वाचनीय होते. ‘सी हॉक’च्या पंखात बिजागरीची शिवण स्पष्ट दिसते आणि शेपटीखाली पोलादी आकडा आहे. पंख मिटतात ते नौकेच्या पोटातील मर्यादित जागेत मावावे म्हणून. आकडा आहे तो उतरताना डेकवर आडव्या ताणलेल्या दोरात अडकून काही क्षणांत थांबता यावे म्हणून. फ्रेंच बनावटीचे ‘आलिझे’ हे पाणबुड्यांचा शोध घेणारे तीन आसनी विमान. त्याचीही शरीररचना ह्याच दोन गरजांनी ठरविली आहे. त्यांच्या नंतरचे ‘सी हॅरिअर’ पाहावे, तर त्यास आकडाच नाही. त्याच्या इंजिनाची चार मुखे खाली वळविता येत असल्याने ते सरळ खाली उतरू शके; दोराची आवश्यकता उरली नाही. पंख आखूड असल्याने त्यांना घडी नाही. नौकेच्या लिफ्टमध्ये मावण्यासाठी मिटते ते त्याचे नाक. एका विमानाने पंख मिटावे आणि दुसऱ्याने नाक, ह्या एवढ्याशा फरकात नाविक विमानविद्येची दोन पर्वे सामावलेली आहेत. ज्यास ह्या खुणा वाचता येतात त्यास नौका न दाखविताही दिसते.

पण ज्यास वाचता येत नाहीत त्याचे काय? विमानाशेजारच्या फलकाची भाषा स्वभावतः कारखान्याची आणि सेवापुस्तकाची असते: नाव, निर्माता, इंजिन, वेग, पल्ला, कोणत्या तुकडीत केव्हा. ही माहिती आवश्यक आहे, तथापि ती विमानाला जमिनीवरचे विमान समजून दिलेली असते. सुट्टीत आलेल्या शाळकरी मुलाला बिजागरी ही निव्वळ बिजागरी वाटते आणि आकडा हा विमान ओढून नेण्याचा हूक वाटतो. नौकेची बाजू गाळल्याने ही विमाने अर्ध्या वाक्यासारखी होतात. क्रियापद आहे, कर्ता नाही.

तो कर्ता हरवल्याची हकीकत अलीकडचीच आहे. ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या डिसेंबरात तिच्या डेकवरून उडालेल्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे मारा केला. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, पुढे काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना पाहावयास मिळाली, २०१२ मध्ये ते बंद झाले, आणि २०१४ मध्ये मुंबईतच ती भंगारात निघाली. तिच्या पोलादाचा काही भाग २०१६ मध्ये बाजारात आलेल्या एका मोटारसायकलीत वापरला गेला. स्मृतीचा हा प्रकार हास्यास्पद म्हणून उडवून लावणे सोपे आहे. परंतु नौका सांभाळता आली नाही तेव्हा लोकांनी तिचा तुकडा का होईना मागितला, ही गोष्ट संग्रहालयशास्त्राने गंभीरपणे घ्यावी अशीच आहे.

अंगणातील सर्वांत मोठे विमान ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ हे ह्या सर्वांहून वेगळे. ते नौकेचे विमान नव्हे. चार पंख्यांची इंजिने, तीन शेपट्या आणि किंचित बाकदार पाठ असलेली ही विमाने एअर इंडियाने प्रवाशांसाठी घेतली होती. पुढे ती वायुदलाकडे आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे आली. विलायतेस जाणाऱ्या प्रवाशांना नेलेले विमान पुढे समुद्रावर पाणबुड्यांचा माग काढू लागले. ह्या चरित्राला फलकापेक्षा मोठी जागा हवी, आणि त्यास एक स्थानिक जोडही आहे. गोव्यावरील आर्थिक निर्बंधांच्या काळात पोर्तुगिजांनी दाबोळीचा विमानतळ बांधला. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले. इमारतीला धक्का लावावयाचा नाही, अशी त्यांना आज्ञा होती. त्यामुळे तेथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने वाचली, आणि त्याच रात्री धावपट्टीच्या शिल्लक तुकड्यावरून उडून ती कराचीस निघून गेली. त्यांपैकी एक पोर्तुगीज कंपनीचे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’च होते. ज्या धावपट्टीवरून एका राज्याचा शेवट ह्या जातीच्या विमानात बसून निघून गेला, तिच्याच शेजारी त्या जातीचे दुसरे विमान आज स्थिर उभे आहे. नौदलाच्या संग्रहालयाने नौदलाचा इतिहास सांगावा हे रास्तच. पण जमिनीलाही इतिहास असतो, आणि गोव्यातील प्रेक्षकाला तो अधिक जवळचा आहे.

आता सिंधुदुर्गाकडे वळावयाचे. ‘विराट’ ही मूळची ब्रिटिश ‘हर्मीस’. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तिने ब्रिटिश ताफ्याचे नेतृत्व केले, आणि १२ मे १९८७ रोजी ती भारतीय नौदलात आली. ‘सी हॅरिअर’ हे तिचे विमान. डेकच्या टोकास असलेल्या चढावरून ते उडत असे. ह्या विमानांना दाबोळीच्याच ‘हंसा’ तळावर ११ मे २०१६ रोजी निरोप देण्यात आला आणि ६ मार्च २०१७ रोजी नौकाही निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने तिला सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ, निवती येथील खडकांच्या परिसरात, संग्रहालय आणि सागरी साहसकेंद्र म्हणून उभी करण्याच्या सुमारे ८५२ कोटी रुपयांच्या प्रस्तावास मान्यता दिली. ‘जलमेव यस्य बलमेव तस्य’ हे बोधवाक्य मिरविणारी नौका शिवकालीन जलदुर्गाच्या शेजारी यावी, ह्या कल्पनेत औचित्य होते हे नाकारता येत नाही.

ती आली नाही. २०२० च्या सप्टेंबरात ‘विराट’ गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी नेण्यात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडकामास स्थगिती दिली, पण तोवर नौकेचा बराच भाग निघाला होता, आणि ती वाचविण्याचा प्रयत्न तेथेच संपला. जुन्या नौकेचा सांगाडा खाऱ्या पाण्यात सांभाळणे किती खर्चाचे असते हे ‘विक्रांत’ने दाखवून दिले होते, तेव्हा केवळ अनास्थेला दोष देणे न्याय्य होणार नाही. टीकेस पात्र आहे ती दुसरीच गोष्ट. प्रस्तावात स्मारक आणि करमणूक ह्यांची सांगड इतकी घट्ट होती की, आर्थिक हिशेब जमेना तेव्हा स्मारकही त्याबरोबर बुडाले. साहसकेंद्र नसते तरी डेकचा एक तुकडा, ती लिफ्ट, तो चढ जिल्ह्यात जपता आला असता काय, हा लहान प्रश्न मोठ्या योजनेपुढे मागेच राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘गुलदार’ ही निवृत्त नौका निवतीच्या समुद्रातील पाण्याखालील संग्रहालयासाठी पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविण्यात आली; परंतु ती रणगाडे किनाऱ्यावर उतरविणारी नौका, तिचे विमानांशी नाते नाही.

वस्तू हाताशी नसली म्हणजे कथा कशी वाढते, आणि असली तरी कशी सरकते, ह्याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. तळेऱ्याहून पश्चिमेचा रस्ता धरल्यास विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ पाहावयास मिळतात. पुढे वायुनौकांत आणि फुग्यांत भरला जाऊ लागलेला हेलियम वायू १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर ह्यांनी येथूनच शोधला, असे सांगितले जाते, आणि त्या दिवशी तेथे हेलियम दिनही साजरा होतो. त्या ग्रहणाचा वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ह्यांनी गुंटूर येथून घेतला. लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होते, आणि सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथूनच अभ्यासिली. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. म्हणजे ओटे खरे, साहेब खरा, साल तेवढे तीस वर्षांनी मागे गेलेले. ह्याने किल्ल्याचे महत्त्व कमी होत नाही. १८९८ ची मोहीमही सांगण्याजोगीच आहे. उलट, १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी विमान उडविले, ही मराठी मनाला प्रिय असलेली कथा घ्यावी. तेथे वस्तूच उरलेली नाही. २०१५ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपट निघाला, आणि त्याच वर्षी मुंबईच्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार अशा वेळी घेतला जातो, ते विसाव्या शतकाच्या प्रारंभी रचले गेले असून त्यातील यंत्रे उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला होता. तळपदे ह्यांची जिज्ञासा आदरणीय आहे. समकालीन, तपासता येईल असा पुरावा मिळेपर्यंत त्यांच्या विमानाचा पुतळा मात्र कोणत्याही उद्यानात उभा करू नये.

ह्या पार्श्वभूमीवर बोगमाळोच्या अंगणाची किंमत कळते. तेथे काहीही कल्पित नाही. जे धातू आहेत ते त्याच विमानांचे आहेत, खरचटलेले, रंग उडालेले, पावसाने डागाळलेले. ह्या संग्रहालयाच्या सच्चेपणाला विस्ताराची जोड हवी आहे, आणि त्यासाठी ८५२ कोटी रुपये लागत नाहीत. ‘सी हॉक’शेजारी ‘विक्रांत’च्या डेकची लांबी जमिनीवर चुन्याने आखली, आणि दोर जेथे ताणलेले असत तेथे आडव्या रेघा काढल्या, तर आकड्याचा अर्थ मुलालाही कळेल. ‘सी हॅरिअर’च्या फलकावर मराठी, कोंकणी आणि हिंदीत दोन ओळी वाढवाव्यात: ह्याची नौका ‘विराट’, २०१८ मध्ये ती सिंधुदुर्गात आणण्याचे ठरले, २०२० मध्ये ती अलंगला तोडावयास गेली.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाची प्रात्यक्षिके तारकर्ली येथे झाली आणि नौदलाची विमाने मालवणच्या समुद्रावरून गेली. किनाऱ्यावर जमलेल्या हजारो लोकांनी ती पाहिली. निवतीचे खडक तेथून दक्षिणेस, त्याच किनारपट्टीवर आहेत.