उमेदवार : एका शब्दाची आणि एका व्यक्तिरेखेची उपेक्षा

'उमेदवार' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि येताना 'उमेद' म्हणजे आशा बरोबर घेऊन आला. आज तो ऐकताच निवडणुकीला उभा राहिलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. तथापि 'उमेदवारी करणे' या वाक्प्रयोगात त्याचा जुना अर्थ अद्याप शिल्लक आहे. पुढे कायम जागा मिळेल या आशेवर आज अल्प मोबदल्यात, प्रसंगी विनावेतन, राबणारा तो उमेदवार. 'शागीर्द' म्हटले की गुरूचा आश्रय गृहीत धरला जातो. 'प्रशिक्षणार्थी' म्हटले की शाळेचा फळा दिसतो. 'शिकाऊ' या शब्दात हात अजून कच्चा असल्याची सूचना असते. कारखान्यातील तरुण तंत्रज्ञाची खरी अवस्था मात्र 'उमेदवार' हाच शब्द सांगतो. त्याच्याजवळ कसब थोडे, आशा पुष्कळ आणि हक्क जवळजवळ नाहीतच. परभाषेतील कादंबरीतला असा मुलगा मराठीत आणू पाहणाऱ्या भाषांतरकाराला यांतील कोणता शब्द निवडावा असा प्रश्न पडतो. तो वरकरणी कोशाचा वाटला, तरी वस्तुतः वाङ्मयदृष्टीचा आहे.

कायद्यानेही या शब्दाशी असाच झगडा केला आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत उमेदवाराचा स्पष्ट समावेश होता. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मात्र त्याला प्रशिक्षणार्थी ठरविले, कामगार नव्हे; कामगारविषयक कायदे त्याला लागू होणार नाहीत असे म्हटले; आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर सर्वसाधारणपणे ठेवले नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने कामगाराची नवी व्याख्या करताना 1961 च्या कायद्याखालील उमेदवाराला नाव घेऊन वगळले. म्हणजे ज्या यंत्रापाशी कामगार उभा, त्याच यंत्रापाशी हाही उभा. दोघांच्या अंगावर तेल तेच, कानांत आवाज तोच. पण वेतनाच्या वाटाघाटी एकाच्या नावाने होतात आणि दुसरा त्या दुरून ऐकतो. संघटनेने त्याला आपला म्हणावे काय? आणि उद्या याच मालकापुढे नोकरीसाठी उभे राहावयाचे असताना त्याने संघटनेला आपली म्हणावे काय? या दुहेरी प्रश्नात एका कादंबरीला पुरेल इतके नाट्य आहे.

हे नाट्य रॉबर्ट ट्रेसल या नावाने लिहिणाऱ्या घरे रंगविणाऱ्या कारागिराने ओळखले होते. 'द रॅगेड ट्राउझर्ड फिलॅन्थ्रॉपिस्ट्स' ही त्याची एकमेव कादंबरी 1914 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, काटछाट होऊन प्रसिद्ध झाली. संपूर्ण संहिता वाचकांच्या हाती येण्यास 1955 साल उजाडले. तिच्यात बर्ट व्हाइट नावाचा एक उमेदवार मुलगा आहे. धंदा शिकविण्याच्या नावाखाली त्याच्याकडून ओझी वाहवून घेतली जातात आणि हिवाळ्यात विस्तवावाचून थंडगार कोठडीत डबे घासावयास लावले जाते. नायक ओवेन त्याला तेथे पाहतो आणि स्वतःच्या नोकरीची पर्वा न करता मालकाला जाऊन जाब विचारतो.

या कादंबरीत ओवेनची समाजवादावरील व्याख्याने लांबलचक आहेत आणि कलेच्या दृष्टीने ती अनेक ठिकाणी जड होतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्या थंड कोठडीच्या प्रसंगात लेखकाला व्याख्यानाची गरज उरत नाही. जो धंदा मुलाला शिकवावयाचा, तोच धंदा घाईच्या आणि स्वस्ताईच्या कामाने खालावत चालला आहे. चांगले काम करू इच्छिणाऱ्या ओवेनलाही तेथे क्वचितच वाव मिळतो. मग या मुलाने शिकावयाचे ते काय? कसबाचा ऱ्हास आणि बालपणाचा ऱ्हास एकाच चित्रात दिसावेत, ही कलावंताची प्रतीती होय.

मराठीत या जातीच्या अनुभवाला सामग्री कमी नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत नवखा मुलगा बहुधा आप्ताच्या वा गाववाल्याच्या शेजारी उभा राहून काम शिके. पुढे तो 'बदली' होई. म्हणजे रोज दारावर हजर राही आणि कायम कामगार गैरहजर असेल तरच त्याला आत घेतले जाई. त्याच्या आशेतील क्रौर्य येथे आहे : दुसरा आजारी पडावा, तेव्हा याची चूल पेटावी. सभेत मात्र त्याच दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून त्याने हात वर करावयाचा. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपामागे विणकराने दोहोंऐवजी तीन माग सांभाळावेत अशा मालकांच्या योजना होत्या. एकाच्या माथी एक माग वाढला, तर दाराबाहेर उभ्या असलेल्या कितीजणांची जागा गेली, हा हिशेब बदलीला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

तरीही आपल्याकडे कामगार-वाङ्मयाची चर्चा होते ती संप, चाळ, भूक आणि बावटा यांच्याभोवती. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'चा निर्देश विषयाच्या नावीन्यासाठी होतो; नारायण सुर्व्यांच्या कवितेचा गौरव तिच्या आवेशासाठी होतो. परंतु 1966 च्या संग्रहाला सुर्व्यांनी 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले, याचा अर्थ पुरेसा तपासला गेलेला नाही. त्या नावात लढणाऱ्या कामगाराइतकाच शिकणारा मनुष्य आहे. समीक्षेने पहिल्याला सिंहासनावर बसविले आणि दुसऱ्याला दाराबाहेर ठेवले. कायद्याने केले त्याहून हे फारसे वेगळे नाही.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तर हे दारच नाहीसे होऊ लागले. जयंत पवारांच्या 'अधांतर' (1997) या नाटकातील गिरणगावच्या घरात पुढच्या पिढीपुढे जे रितेपण आहे, ते केवळ बेकारीचे नव्हे. बापाच्या शेजारी उभे राहून काम शिकण्याची परंपराच तुटली आहे. उमेदवारी दीर्घ असेल तर मनुष्य थकतो. उमेदवारीला जागाच नसेल तर तो कोणाचाच राहत नाही. नाटकाचे शीर्षक ही अवस्था अचूक पकडते.

विषय महत्त्वाचा म्हणून कृती थोर ठरत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. किंबहुना उमेदवाराची व्यक्तिरेखा लेखकाची अधिक कठोर परीक्षा घेते. त्याला हुतात्मा करता येत नाही, कारण तो पुष्कळदा गप्प बसतो. खलपुरुष करता येत नाही, कारण त्याच्या गप्प बसण्यामागे घरची तोंडे असतात. घोषणा आणि करुणा ही दोन्ही साधने येथे अपुरी पडतात. उरते ते केवळ बारकाईचे निरीक्षण.

आज यंत्रे पुन्हा बदलत आहेत आणि देशाच्या सर्व भाषांत हा तरुण दारावर उभा आहे. त्याला कोणत्या शब्दाने हाक मारावयाची, याचा निर्णय भाषांतरकार आणि लेखक यांना घ्यावाच लागेल. 'प्रशिक्षणार्थी' म्हटल्याने कायद्याचे काम भागेल. वाङ्मयाने मात्र 'उमेदवार' म्हणावे. कारण त्या शब्दात आशा आहे आणि ती कोणी दिली, कोणी मोडली, हे विचारण्याची सोयही आहे.