शाखांचे विलीनीकरण : ओळींचे की अर्थाचे?

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी रचलेल्या ‘गिट’ या आवृत्ति-नियंत्रण प्रणालीची थोरवी शाखांच्या विलीनीकरणांत आहे, असे सामान्यतः मानले जाते. दोन शाखांतील पाठ ताडताना ती त्यांचा समान पूर्वजही विचारात घेते. त्यामुळे कोणता बदल कोणत्या शाखेने केला, हे तिला ठरविता येते. एकाच जागी दोन्ही शाखांत भिन्न बदल आढळल्यास ती संघर्ष जाहीर करते व निवड माणसावर सोपविते. हा संयम प्रशंसनीय होय.

परंतु ताडल्या जातात त्या केवळ ओळी. एका शाखेने एखाद्या फंक्शनचे नाव बदलले आणि दुसरीने निराळ्या फाइलीत तेच फंक्शन जुन्या नावाने नव्याने वापरले, तर विलीनीकरण निर्वेध पार पडते. प्रोग्राम मात्र मोडतो. तेव्हा संघर्षाच्या अभावावरून सुसंगतीचे अनुमान काढणे सदोष ठरते. विलीनीकरणाच्या नोंदीत दोन्ही शाखांची परंपरा सुरक्षित राहते, म्हणून दोषाचा माग मागाहून काढता येतो, हे खरे. तथापि अर्थाची जबाबदारी प्रणालीने कधीच पत्करलेली नाही. चाचणीचा व वाचनाचा भार विलीनीकरण करणाऱ्यासच वाहावा लागतो.