‘घातपात’ : एका गुन्ह्याची संज्ञा आणि कर्जत-खालापूर परिसरातील १९४२ चा लढा

प्रस्तावना :
‘सॅबोटाज’ या संज्ञेसाठी मराठीत ‘घातपात’ हा शब्द रूढ आहे. या शब्दाला जीवितहानीची छटा आहे; मूळ संज्ञेला ती नाही. हा भेद दुर्लक्षिल्यास भाई कोतवाल यांच्या कार्याची चर्चा निव्वळ गौरवाकडे किंवा निव्वळ निषेधाकडे झुकते.

संज्ञेचा उगम :
फ्रेंच भाषेत ‘साबो’ म्हणजे लाकडी जोडा. कामगारांनी तो यंत्रात फेकल्याची कथा लोकप्रिय असली तरी तिला पुरावा नाही. असे जोडे घालून चालणाऱ्यासारखे बेंगरूळ काम करणे, हा अर्थ अधिक संभवनीय होय. १८९७ च्या तुलूझ येथील कामगार परिषदेत एमिल पूजे यांच्या पुढाकाराने हे लढ्याचे साधन म्हणून स्वीकारले गेले. त्याचे लक्ष्य उत्पादन होते, माणूस नव्हे.

कायदा आणि कृती :
१८६० च्या भारतीय दंड संहितेतील ‘आगळीक’ (कलम ४२५) मालमत्तेच्या हानीवर आधारलेली होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ ने घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र भारत संरक्षण नियमांनी अत्यावश्यक यंत्रणेच्या कामात अडथळा आणण्याच्या हेतूवर भर दिला. कर्जत-खालापूरमध्ये अशी यंत्रणा होती. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईला वीज जात असे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

मूल्यमापन :
मूळ अर्थाने ही कृती ‘सॅबोटाज’ होती. माणसाच्या जिवावर उठलेला ‘घातपात’ नव्हे. तथापि तेवढ्याने नैतिक प्रश्न सुटत नाही. १९४४ मध्ये सुटकेनंतर गांधीजींनी गुप्त कार्य व मालमत्तेचा विध्वंस अहिंसेत बसत नसल्याचे स्पष्ट केले. शिवाय वीज खंडित झाल्यास गिरणी कामगाराचा रोजही बुडू शकतो. गौरवपर लेखनाने या आक्षेपांना सामोरे गेले पाहिजे.

निष्कर्ष :
राज्यकर्ते व क्रांतिकारक यांच्यात कृतीच्या हेतूविषयी मतभेद नव्हता. वाद राज्याच्या वैधतेचा होता. म्हणून कोतवालांना निर्दोष ठरविण्यासाठी ‘गुन्हा’ हा शब्द पुसण्याची गरज नाही. त्यांनी तो जाणीवपूर्वक पत्करला, यातच त्यांच्या हौतात्म्याचा अर्थ आहे.