कीर्तनाला साथीदार हवा

परवा आपल्या मंडळींसमोर योसेफचरित्राचे कीर्तन झाले. कथेकऱ्यांचे पाठांतर चोख, मराठी स्वच्छ. ऐकून समाधान वाटले. एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. पेटी-तबल्याच्या जागी ध्वनिमुद्रित साथ होती.

भावांनी बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला योसेफचा अंगरखा याकोबापुढे आणला, तेथे कथेकऱ्यांचा कंठ दाटला. ते थांबले, ठेका थांबला नाही! त्याला गाठण्यासाठी पुढची दिंडी त्यांना घाईने उरकावी लागली. आमच्या डोळ्यांत आलेले पाणी तेथेच आटले.

१८८०च्या सुमारास आपल्या पूर्वजांनी महाराष्ट्रातील कीर्तनाची धाटणी घेऊन तीत तोराहच्या कथा गुंफल्या. साकी, दिंडी, आर्या, ओवी अशा चाली त्यात झरझर बदलतात. कथेकरी बोलता बोलता गाऊ लागतो, त्या क्षणी पेटीवाल्याचे बोट नेमक्या सुरावर हवे. नुसता चांगला वाजवणारा येथे पुरत नाही. कथा ठाऊक असलेला लागतो. असा पेटीवाला मोकळा आहे का, हे विचारूनच कीर्तनाची तारीख ठरवलेली आम्हांस आठवते.

आमचा दोष कथेकऱ्यांना नाही. साथीदार मिळेना, तर त्यांनी काय करावे? ज्यांच्या बोटांत ही विद्या आहे, त्यांनी एखाद्या नातवाला पेटीशेजारी बसवावे. मराठी वाचता येत नसेल, तर पदे हिब्रू अक्षरांत लिहून द्यावीत. थांबायचे कोठे, हे मात्र शेजारी बसूनच शिकवावे लागेल.